१०२४ पत्त्यांचा देश: उत्तर कोरियाचं इंटरनेट येतं कुठून आणि त्यांचे हॅकर बसतात कुठे?

रात्रपाळी_पुणे | २ ऑगस्ट २०२५, रात्री १:४०

मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज शिफ्ट शांत आहे म्हणून बसलोय. मी नेटवर्कवाला माणूस, रात्री दहा ते सकाळी सात स्क्रीनसमोर, कुठला राउट (नेटवरचा रस्ता) पडला आणि कुठला परत आला हे बघायचं हेच काम. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँक हॅकरांनी लुटल्याची बातमी आली तेव्हा मी पुण्यातच होतो. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात त्या प्रकरणात उत्तर कोरियाचं नाव आलं आणि डोक्यात किडा शिरला तो आजतागायत गेलेला नाही. ज्या देशात लोकांना इंटरनेटच नाही म्हणतात, तिथला माणूस गणेशखिंड रोडवरच्या बँकेत शिरतो कसा?

तेव्हापासून वेळ मिळेल तसं उघड माहितीतून या देशाचं नेट बघत असतो. उघड माहिती म्हणजे आयपी पत्ते कोणाला दिलेत त्याचं रजिस्टर, आणि जगातले राउटर एकमेकांना "अमुक पत्ते माझ्याकडून जातात" असं जे सांगत असतात ते. दोन्ही कोणालाही बघता येतं, त्यासाठी कोणाच्या दारावर थाप मारावी लागत नाही.

तर अख्ख्या देशाच्या नावावर एकच मुख्य ब्लॉक आहे, १७५.४५.१७६.० पासून १७५.४५.१७९.२५५ पर्यंत. मोजलं तर १०२४ पत्ते, आणि लोकसंख्या अडीच कोटींच्या वर. हा ब्लॉक २००९ च्या डिसेंबरमध्ये त्यांना मिळाला. घेणारी कंपनी स्टार जॉइंट व्हेंचर, म्हणजे त्यांचं पोस्ट आणि टेलिकॉम महामंडळ आणि थायलंडची लॉक्सली पॅसिफिक यांची भागीदारी. त्याआधी काय होतं, तर चीनच्या कंपनीने दिलेले २५६ पत्ते. आणि डॉट केपी हे देशाचं डोमेन २००७ मध्ये मिळालं ते सुरुवातीला चालवत होती बर्लिनमधली एक कंपनी! म्हणजे देशाची पाटी जर्मनीत आणि देश तिसरीकडेच.

बाहेर पडायला रस्ते दोन. २०१० पासून चायना युनिकॉमचा, आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून रशियाच्या ट्रान्सटेलिकॉमचा. ही ट्रान्सटेलिकॉम रशियन रेल्वेची कंपनी, तिच्या केबल रुळांच्या कडेने जातात आणि दोन देशांच्या मधे तुमेन नदीवर एकच रेल्वेचा पूल आहे. म्हणजे अख्ख्या देशाचं इंटरनेट दोन दोऱ्यांवर टांगलेलं आहे. एक तुटली तर दुसरी, दोन्ही तुटल्या तर काळोख.

विचारा काय विचारायचं ते, मला माहीत असेल तेवढं सांगतो, आणि ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घाला प्लीज.

केबलवाला_तासगाव | २ ऑगस्ट, सकाळी ८:१५

दादा १०२४ म्हणजे स्लॅश २२ ना? अहो आमच्याकडं पण स्लॅश २२ च हाय. मस्करी करत नाही. २०११ च्या एप्रिलपासनं आशियाच्या रजिस्ट्रीनं नियमच केला होता की पत्ते संपत आले, आता नव्या मेंबरला जास्तीत जास्त स्लॅश २२ मिळणार, मग तो कोणी का असंना. त्या काळात ज्या ज्या तालुक्याच्या केबलवाल्यानं लायसन घेऊन मेंबरशिप घेतली त्याला तेवढाच ब्लॉक मिळाला (२०१९ पासनं तो पण अर्धा केला). मी आमच्या ब्लॉकवर द्राक्षबागायतदार, दोन शाळा, पतसंस्था आणि घरगुती कनेक्शन असा सगळा कारभार चालवतो आणि तरी पत्ते पुरत नाहीत म्हणून नॅट लावून एका पत्त्यामागं शंभर शंभर घरं बसवलीत. तिकडं एवढ्यात अख्खा देश?

रात्रपाळी_पुणे | २ ऑगस्ट, रात्री ११:०५

@केबलवाला_तासगाव दादा, तुमच्या या एका प्रतिसादाने माझ्या अर्ध्या लेखाचं काम केलं, मनापासून आभार. आणि फरक बघा, तुमच्याकडे १०२४ पुरत नाहीत, त्यांच्याकडे १०२४ मधले बरेचसे गप्प असतात. बाहेरून दिसतात ती काही सरकारी वेबसाइटची मशीन्स, साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे "नावाचे सर्व्हर", मेल सर्व्हर आणि राउटर. त्यांना पत्ते कमी पडले नाहीत, त्यांना लागलेच तेवढे. बाहेर पडणारी माणसं मोजकी, ठरवून निवडलेली.

कोल्हापुरी_सई | २ ऑगस्ट, रात्री ११:४०

पण मी तर फोटोंत बघितलंय की प्योंगयांगमध्ये लोक रस्त्यावर मोबाईल घेऊन फिरतात, मग ते काय करतात त्यावर? का ते पण दाखवायला?

रात्रपाळी_पुणे | ३ ऑगस्ट, रात्री १२:३०

सई, मोबाईल खरे आहेत. कोरिओलिंक नावाचं नेटवर्क २००८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, इजिप्तच्या ओरासकॉम कंपनीने उभं केलं. पण तिथल्या माणसाच्या सिमवरून देशाबाहेर फोन लागत नाही आणि इंटरनेटही नाही. परदेशी लोकांची सिमं वेगळी, त्यांना २०१३ मध्ये मोबाईल नेट दिलं. स्थानिक माणसाला मिळतं ते क्वांगम्योंग, देशातल्या देशात फिरणारं जाळं. त्यात वर्तमानपत्र, लायब्ररी, विद्यापीठांची पानं सगळं आहे, पण बाहेर जाणारा दरवाजाच नाही. त्यामुळे माझ्या त्या १०२४ पत्त्यांकडे कितीही टक लावून बसलो तरी तिथला सामान्य माणूस मला कधीच दिसणार नाही, तो वेगळ्याच जाळ्यात राहतो.

आणि त्यांची रेड स्टार ही ऑपरेटिंग सिस्टिम. आतून लिनक्स, वरून थेट मॅकसारखी दिसते. फ्लोरियन ग्रुनो आणि निकलाउस शीस या दोन जर्मन संशोधकांनी तिचा कोथळा बाहेर काढून २०१५ च्या डिसेंबरमध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत मांडला. त्यातली एक गोष्ट वाचून मी रात्री चहा घ्यायला उठलो आणि बराच वेळ परत बसलोच नाही. समजा तुमच्याकडे लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह आहे. तुम्ही तो काँप्युटरला लावला की सिस्टिम गुपचूप त्या फाइलींमध्ये तुमच्या हार्डडिस्कचा नंबर कोड करून चिकटवते. मग तुम्ही तो वहिनींना दिलात, त्यांच्या मशीनने त्यामागे आपला नंबर लावला. वहिनींनी मावशीला दिला, तिसरा नंबर. फोटो दिसायला जसाच्या तसा. पण ज्याच्या हातात तो शेवटी पडेल त्याला वाचता येतं की कोणाकडून कोणाकडे गेला. आता लग्नाच्या फोटोच्या जागी दक्षिण कोरियाची एखादी मालिका धरा आणि शेवटच्या माणसाच्या जागी पोलीस धरा. सिस्टिममध्ये कोणी छेडछाड करून हे बंद करायला गेलं तर मशीन आपोआप रीस्टार्ट होत राहतं.

कोल्हापुरी_सई | ३ ऑगस्ट, सकाळी ९:४५

बापरे. अंगावर काटा आला. म्हणजे हॅकिंग पहिल्यांदा स्वतःच्याच लोकांवर.

निवृत्त_तारमास्तर | ३ ऑगस्ट, दुपारी ४:१०

सई, तुमचं वाक्य अगदी नेमकं आहे. यंदा मे महिन्यात बीबीसीने तिथून चोरून बाहेर आणलेला एक फोन दाखवला होता, तो दर पाच मिनिटांनी स्वतःच स्क्रीनचा फोटो काढून अशा फोल्डरमध्ये ठेवतो की जो मालकाला उघडता येत नाही. त्यावर "दक्षिण कोरिया" असं टाइप केलं की तो आपणहून "कठपुतळी राज्य" करून टाकतो. मी ३४ वर्षं तारखात्यात काढली. आमच्या वेळेला तार वाचली जायची हे खरं, पण लिहिणाऱ्याच्या हातातली पेन्सिल त्याचा शब्द बदलत नव्हती.

अवांतर: त्यांच्या सरकारी वेबसाइटवर नेत्याचं नाव आलं की ते बाजूच्या अक्षरांपेक्षा किंचित मोठं दिसतं, तसा कोडच लिहून ठेवलेला असल्याचं २०१२ च्या सुमारास लोकांनी दाखवलं होतं. टाइपसेटरची नजर असेल तर पटकन लक्षात येतं.

अभि_नांदेड | ३ ऑगस्ट, रात्री ९:३०

मस्त धागा, थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे, सगळं वाचतोय. एक विचारायचंय, त्यांच्या डॉट केपीच्या एकूण किती साइट आहेत ते कळलं होतं ना मधे? काहीतरी लीक झालेलं.

रात्रपाळी_पुणे | ४ ऑगस्ट, रात्री १:१५

हो अभि, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये. गंमत म्हणजे कोणी काही फोडलं नव्हतं. नावाच्या सर्व्हरला आपण एका वेळी एक नाव विचारतो, या साइटचा पत्ता काय, एवढंच. पूर्ण यादी फक्त आपसातल्या सर्व्हरनी एकमेकांना द्यायची असते, त्याला झोन ट्रान्सफर म्हणतात. आता तुम्ही तलाठ्याकडे एका गटाचा सातबारा मागायला गेलात आणि त्याने अख्ख्या गावाचं दप्तरच तुमच्या हातात दिलं तर कसं होईल, तसं झालं. एक अमेरिकन संशोधक जगभरातल्या देशांच्या डोमेनना नियमितपणे हा एकच प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम चालवत होता, सगळे नाही म्हणायचे, त्या दिवशी उत्तर कोरियाचा सर्व्हर हो म्हणाला. यादीत डोमेन निघाली २८. वृत्तसंस्था, रोदोंग सिनमुन हे पक्षाचं वर्तमानपत्र, विमान कंपनी, विमा कंपनी, चित्रपट महोत्सव, आणि एक स्वयंपाकाची साइट. संपलं. आपल्याकडे एखाद्या सोसायटीतल्या लोकांच्या नावावर मिळून जास्त डोमेन असतील.

शंकासुर | ४ ऑगस्ट, सकाळी ११:५०

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे, पण मला मूळ मुद्दाच पटत नाहीये. २८ साइट, १०२४ पत्ते, दोन केबल, आणि याच देशाने म्हणे सोनी ही सिनेमा कंपनी फोडली, बांगलादेशची मध्यवर्ती बँक लुटली, आपली कॉसमॉस लुटली, वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जग बंद पाडलं, जेएनपीटी बंदर बंद पाडलं. एवढ्याशा नेटवरून? उद्या कोणीही हल्ला करेल आणि अमेरिका म्हणेल उत्तर कोरिया. कॉसमॉसमध्ये पकडले कोण गेले, तर आपलेच लोक. पुरावा काय?

केबलवाला_तासगाव | ४ ऑगस्ट, दुपारी १:०५

जेएनपीटीचं चुकलं बघा तुमचं. ते वॉनाक्राय नव्हतं, नॉटपेट्या नावाचा दुसराच व्हायरस होता. २०१७ मधलंच पण वॉनाक्राय मे महिन्यात आणि ते जूनच्या शेवटाला. मर्स्क या जहाजवाल्या कंपनीचं टर्मिनल न्हावाशेव्याला होतं ते बंद पडलं. ते काम रशियाकडचं मानतात. आमच्या भागातली द्राक्षं त्याच बंदरातनं जातात म्हणून तेव्हा सगळं वाचून काढलं होतं.

शंकासुर | ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

मान्य, ते मी मिसळलं. बाकी प्रश्न तसाच आहे.

रात्रपाळी_पुणे | ५ ऑगस्ट, रात्री २:२०

शंकासुर, तुमचा प्रश्न योग्य आहे, किंबहुना मी याच प्रश्नावर दोन वर्षं अडकलो होतो म्हणून सविस्तर लिहितो.

माझी चूक अशी होत होती की मी हॅकर त्या १०२४ पत्त्यांत शोधत होतो. काम करणारी बरीच माणसं देशात बसलेलीच नसतात. चीनच्या सीमेलगतची शहरं, दान्दोंग, शेनयांग, दालियान, आणि शिवाय रशिया, इकडे त्यांच्या तुकड्या बसतात, तिथलं नेट वापरतात. जे देशात आहेत तेही थेट येत नाहीत, चार ठिकाणी भाड्याने घेतलेले किंवा फोडलेले सर्व्हर मधे ठेवून येतात. म्हणून "आयपी कुठला" एवढ्यावर कोणी बोट ठेवत असेल तर तुम्ही शंका घ्याच, मी तुमच्या बाजूने आहे.

पण माणूस आहे, कधीतरी चुकतो. २०१५ च्या जानेवारीत एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी जाहीरपणे म्हणाले की सोनीच्या वेळी हे लोक मधले सर्व्हर वापरत होते, पण काही वेळा निष्काळजीपणे थेट जोडले गेले आणि फक्त उत्तर कोरियन वापरतात असे पत्ते दिसले. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने २०१७ मध्ये छापलेला किस्सा तर मला पाठ आहे. बँका लुटणाऱ्या त्यांच्या टोळीचा युरोपातला एक सर्व्हर कॅस्परस्कीच्या हाती लागला. लॉगमध्ये इकडचे तिकडचे मधले पत्ते, आणि एके ठिकाणी एकच नोंद, १७५.४५ ने सुरू होणारी. हा सर्व्हर नीट साफ न होता हाती कसा आला? तर त्याच मशीनवर मोनेरो नावाचं क्रिप्टो खोदायचा प्रोग्रॅमही टाकला होता, त्याने मशीन इतकं दमलं की लटकून पडलं, आणि नोंदी जशाच्या तशा राहिल्या. इथे मात्र ब्लॉक लहान असण्याचा फायदा आपल्याला होतो. मोठ्या देशाच्या पत्त्यांत कोणीही असू शकतो, पण या १०२४ मध्ये तासगावचा द्राक्षवाला असणं शक्यच नाही. कोणीतरी ते मशीनच फोडून वापरलं असेल ही शक्यता उरते, म्हणून एका नोंदीवर कोणी निकाल देत नाही, प्रोग्रॅमचे तेच तेच तुकडे, तेच ईमेल खाते, पैशांची तीच वाट, हे सगळं जुळवतात. २०१८ मध्ये अमेरिकेने पार्क जिन ह्योक या उत्तर कोरियन प्रोग्रॅमरवर जो आरोप ठेवला त्यात सोनी, बांगलादेश बँक आणि वॉनाक्राय हे तिन्ही धागे असेच खात्यांवरून जोडलेत.

आता कॉसमॉस. ११ ऑगस्ट २०१८ ला एटीएममधून आणि १३ ला स्विफ्टमधून (बँकांनी एकमेकांना परदेशी पैसे पाठवायचे संदेश द्यायची यंत्रणा), मिळून ९४ कोटींच्या वर. एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेच्या स्विचला विचारतं, द्यायचे का पैसे? हल्लेखोरांनी मधे खोटा स्विच बसवला. तो प्रत्येक विचारणीला हो म्हणायचा, आणि खऱ्या बँकेपर्यंत प्रश्न जातच नव्हता. २८ देशांत माणसं बनावट कार्डं घेऊन रांगेत उभी होती, सुमारे १२ हजार व्यवहार तिकडे, आणि भारतात रुपे कार्डांवर २८४९. सोमवारी स्विफ्टवरून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला.

आणि ११ ऑगस्टला वार कुठला होता बघा. शनिवार, तोही दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी. आता बांगलादेश बघा, ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी, आणि सोमवारी ८ तारखेला चिनी नववर्ष म्हणून मनिलात सुट्टी. ८ कोटी १० लाख डॉलर गेले ते मनिलातच. आपल्याकडचा दुसरा शनिवार कोणीतरी कुठेतरी कॅलेंडरवर खूण करून ठेवला होता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कोल्हापुरी_सई | ५ ऑगस्ट, सकाळी ८:५०

आमच्या कोल्हापुरातल्या एटीएममधून पण पैसे काढले होते त्या दिवशी. तेव्हा इथल्या पेपरात रोज यायचं. पकडली गेलेली पोरं साधीच होती, कार्ड घालून पैसे काढायचे आणि कमिशन घ्यायचं एवढंच माहीत. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा दिली. वर कोण आहे हे त्यांना स्वतःलाच माहीत नसणार. पैसे काढायला उभा राहिलेला पोरगा आणि ज्याने स्विच फोडला तो, या दोघांत मधे किती माणसं असतील हो?

निवृत्त_तारमास्तर | ५ ऑगस्ट, दुपारी ३:३०

मधल्या माणसांपैकी एकाचा पत्ता लागला आहे. गालेब अलाउमरी, कॅनडाचा नागरिक. उत्तर कोरियन हॅकरांनी काढलेले पैसे फिरवून देण्याचं काम करायचा. २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत ११ वर्षांच्या वर शिक्षा झाली. तिथल्या न्याय खात्याच्या निवेदनात २०१८ च्या एटीएम लुटीत पाकिस्तानची बँकइस्लामी आणि "भारतातील एक बँक" असा उल्लेख आहे, नाव दिलेलं नाही. कॉसमॉस हे नाव संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. शंकासुरांनी दोन्ही कागद वेगळे ठेवून वाचावेत.

शंकासुर | ५ ऑगस्ट, सायंकाळी ६:१५

काका, धन्यवाद. हे असं कोणी सांगितलं की पटतं. सुट्टीचा मुद्दाही जोरदार आहे. माझी शंका पूर्ण गेली असं नाही पण "अमेरिका काहीही म्हणते" हे माझं वाक्य मी मागे घेतो.

अभि_नांदेड | ५ ऑगस्ट, रात्री १०:४०

मग आपण पण त्यांचं नेट बंद पाडलं तर? दोनच केबल आहेत म्हणता. तो अमेरिकन एकटा माणूस होता ना पीफोरएक्स, त्याने २०२२ मध्ये घरात बसून पाडलं होतं. मला तर तो हिरो वाटतो.

रात्रपाळी_पुणे | ६ ऑगस्ट, रात्री १:५०

अभि, त्याचा राग मला समजतो. २०२१ च्या जानेवारीत उत्तर कोरियन हॅकरांनी ट्विटरवर सुरक्षा संशोधक असल्याची खोटी खाती काढली, ब्लॉग चालवले, ओळखी वाढवल्या आणि खऱ्या संशोधकांना "हे जरा बघ ना" म्हणून फाइली पाठवल्या, उघडली की मागचं दार तयार. त्यालाही तशी फाइल आली होती. त्याने वर्षभर वाट बघितली, सरकारकडून काही झालं नाही, मग जुनी, अपडेट न केलेली सॉफ्टवेअर शोधून त्यांचे सर्व्हर आणि राउटर तुंबवले, आणि देश जगाच्या नकाशावरून पुन्हा पुन्हा गायब व्हायला लागला.

पण त्यातून थांबलं काय? बाहेरून त्यांच्या वेबसाइट दिसेनात, एवढंच. क्वांगम्योंग आत चालूच. शेनयांगमध्ये बसलेला माणूस चीनच्या नेटवर, त्याला कळलंही नसेल. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी रोनिन नावाच्या क्रिप्टोच्या पुलावरून (एका क्रिप्टो जाळ्यातलं चलन दुसऱ्यात नेणारी यंत्रणा) ६० कोटी डॉलरच्या वर उचलले. घरावर दगड मारले पण चोर घरात नव्हताच.

२०१४ मध्येही सोनीनंतर, २२ डिसेंबरला, साडेनऊ तास देश पूर्ण बंद होता. त्यानंतरही सगळं घडलंच.

संपादक मंडळ | ६ ऑगस्ट, सकाळी ९:००

चर्चा उत्तम चालू आहे. एक आठवण करून देतो: दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये परवानगीशिवाय शिरणं किंवा ती बंद पाडणं हा आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, समोर देश कोणताही असो. इथे तसं करण्याच्या पद्धती लिहू नयेत.

मृण्मयी_क | ६ ऑगस्ट, सकाळी १०:२५

उशिरा येतेय. मी न्यू जर्सीत आहे, टीम लीड, रिमोट लोक घेण्याचे इंटरव्ह्यू माझ्याकडे असतात. इथे सगळे हॅकिंगबद्दल बोलतायत पण आमच्या बाजूला आलेली गोष्ट वेगळीच आहे, इथे दार फोडतच नाहीत, रीतसर नोकरीला लागतात.

गेल्या वर्षी एक उमेदवार आला, रेझ्युमे सुरेख, कोडिंगमध्ये पहिला. कॅमेरा चालू केला तर चेहऱ्याच्या कडा हलताना फाटल्यासारख्या होत होत्या. म्हटलं नेट खराब असेल. मग सहज विचारलं, तुम्ही ह्यूस्टनचे ना, परवाच्या वादळात लाइट गेले होते का तुमच्याकडे? तो थांबला. बाजूला कोणीतरी हळू आवाजात काहीतरी सांगितलं, मला स्पष्ट ऐकू आलं, आणि मग तो म्हणाला, हो हो, छान पाऊस झाला. अख्ख्या ह्यूस्टनमध्ये त्या आठवड्यात कोणी "छान पाऊस" म्हणालं नसेल! शिवाय लॅपटॉप रेझ्युमेवरच्या पत्त्यावर नको, दुसऱ्या राज्यातल्या पत्त्यावर पाठवा म्हणे. मी तिथेच थांबवलं आणि आमच्या सिक्युरिटीला कळवलं.

तो लॅपटॉपचा पत्ता का, तर गेल्याच महिन्यात ॲरिझोनातल्या एका बाईला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. ती घरात कंपन्यांचे लॅपटॉप चालू करून ओळीने मांडून ठेवायची, आणि लांब बसलेले उत्तर कोरियन त्यांच्यावर जोडून काम करायचे, कंपनीला दिसायचं माणूस अमेरिकेतच आहे. ३०० च्या वर कंपन्या, १ कोटी ७० लाख डॉलर. म्हणजे रात्रपाळीदादा, तुमच्या त्या १०२४ मध्ये हे पण नाहीत, हे तर ॲरिझोनातल्या घरगुती वायफायवर आहेत.

रात्रपाळी_पुणे | ७ ऑगस्ट, रात्री १२:१०

मृण्मयीताई, हा अनुभव इथे लिहिलात हे फार महत्त्वाचं काम केलंत. वादळाचा प्रश्न सगळ्यांनी लक्षात ठेवा.

मला खरं तर हेच सांगायचं होतं आणि पहिल्या पोस्टमध्ये नीट जमलं नाही. या देशाच्या नेटचा नकाशा आणि त्यांच्या हल्ल्यांचा नकाशा हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्यावर दोन केबल आणि एक पूल. दुसऱ्यावर कोल्हापूरचं एटीएम, मनिलाची बँक, ॲरिझोनातलं घर. मागच्या वर्षी जुलैत मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले, यंदा जानेवारीत अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने एकत्र निवेदन काढून ते उत्तर कोरियाचं काम असल्याचं सांगितलं. लगेच फेब्रुवारीत बायबिट या दुसऱ्या क्रिप्टो एक्स्चेंजमधून दीडशे कोटी डॉलर, त्याला एफबीआयने पाच दिवसांत त्यांचं नाव दिलं. ज्यांचे पैसे वझीरएक्समध्ये अडकले त्यातले दोघं माझ्याच शिफ्टमधले आहेत, पोरं अजून रोज फोनवर बॅलन्स बघतात.

दोन्ही कागद एकमेकांना चिकटतात अशा जागा फार थोड्या. एक २०२३ च्या शेवटाला सापडली. त्यांच्याच पत्त्यावरचा एक स्टोरेज सर्व्हर चुकून उघडा राहिला होता. निक रॉय या संशोधकाला तो दिसला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर कोरियाचा अभ्यास करणाऱ्या ३८ नॉर्थ या साइटवर मार्टिन विल्यम्स यांनी सविस्तर लिहिलं. आत काय होतं, तर कार्टूनच्या फ्रेमा! परदेशी ॲनिमेशन मालिकांचं काम, चिनी भाषेत सूचना आणि शेजारी कोरियन भाषांतर, की या पात्राच्या डोक्याचा आकार नीट करा वगैरे. काम देणाऱ्या मूळ कंपन्यांना आपलं काम फिरत फिरत तिथवर पोचलंय हे माहीत असल्याची कुठलीच खूण त्यात नव्हती. त्या फाइलींमागे कोणीतरी बसून डोळे, कपाळ, केस नीट करत होतं. मला तेव्हा पहिल्यांदा त्या १०२४ पत्त्यांच्या आत काम करणारी माणसं दिसली.

अभि_नांदेड | ७ ऑगस्ट, सकाळी ११:३०

माणसांचं म्हणाल तर मी त्यांच्याशी खेळलोय! म्हणजे कोडशेफवर. ही साइट २००९ मध्ये मुंबईच्या डिरेक्टीने सुरू केलेली, आणि तिच्या प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांत प्योंगयांगच्या किम चेक विद्यापीठाची पोरं बऱ्याच वेळा पहिली आली आहेत. आमचे सीनियर सांगायचे की नावासमोर तो झेंडा दिसला की समजायचं आता दुसऱ्या नंबरसाठी खेळायचं. माझ्यासारखंच पोरगं असणार ना ते, ग्राफचे प्रॉब्लेम सोडवत बसलेलं. फरक एवढाच की मला पुढे काय करायचं ते मी ठरवणार. २०१६ मध्ये हाँगकाँगला गणित ऑलिंपियाड होतं तेव्हा त्यांच्या टीममधला एक मुलगा स्पर्धा झाल्यावर परत गेलाच नाही, दक्षिण कोरियाच्या वकिलातीत जाऊन आश्रय मागितला. काल दादांनी सांगितलेलं पटलं. नेट पाडून त्या पोराला काय मिळणार.

केबलवाला_तासगाव | ७ ऑगस्ट, दुपारी २:४५

दादा मला ते राउट बघायचं शिकायचंय. आमच्या ऑफिसातनं दिसतं का? का परमिशन लागती?

रात्रपाळी_पुणे | ८ ऑगस्ट, रात्री १:००

काहीच परवानगी नको, रस्त्यावर उभं राहून कुठल्या घरात दिवा आहे बघण्यासारखं आहे. राउट दाखवणारी कुठलीही सार्वजनिक साइट उघडा आणि त्यांचा नेटवर्क नंबर १३१२७९ टाका. चार ओळी दिसतील, प्रत्येकी २५६ पत्त्यांच्या, आणि शेजारी चायना युनिकॉमचा ४८३७ किंवा ट्रान्सटेलिकॉमचा २०४८५. एवढंच बघायचं, त्या पत्त्यांवर स्कॅन वगैरे मारायचं नाही.

यंदा ७ जूनला शनिवारी मी शिफ्टवर होतो. नेहमीसारखं बघायला गेलो आणि ओळी जागेवर नाहीत. चीनचीही नाही, रशियाचीही नाही. दोन्ही एकदम गेल्या म्हणजे बाहेरची केबल तुटलेली नसणार, आतच काहीतरी बिघडलं असणार, बाहेरच्या अभ्यासकांनीही नंतर तेच म्हटलं. नऊएक तासांनी परत आल्या. माझ्याकडे एक वही आहे, तारीख, वेळ, कुठली ओळ गेली, कुठली आली. तुम्हीही ठेवलीत तर दोघांच्या नोंदी ताडून बघता येतील.

वेळ मात्र आपल्याच घड्याळाची लिहा. प्योंगयांग आपल्या साडेतीन तास पुढे आहे. आणि जुन्या नोंदी चाळायला घेतल्यात तर सांभाळा, १५ ऑगस्ट २०१५ ला त्यांनी देशाचं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं होतं आणि ते ५ मे २०१८ ला परत पुढे केलं. त्या मधल्या काळात फरक बरोबर तीन तासांचा धरायचा.